जावई सायकलवर आले

आमचे जावई निरंजन बुऱ्हाणपुरात मास्तर आहेत. घरी मोटरसायकल आहे, चालू आहे. तरी एका रविवारी डोईफोडियात आमच्या दारात सायकलवर हजर. अंगाला चिकटलेले कपडे आणि हँडलवर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन. म्हणे, किती चाललो ते हे आकाशातून बघून सांगतं.

आकाशाचं राहू द्या, इथं गाव बघत होतं. शेजारचा लीलाधर लगेच विचारून गेला, "जावयाची गाडी विकली काय, उखर्डूभाऊ?" माझं डोकं फिरलं. त्यात दिवाळीला डॉक्टरांनी या माणसाच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली. आपली लेक दिलीय, मस्करी आहे का?

माझ्या बायकोनं, रंभाबाईनं वरणबट्टी केली होती. जावईबापू जेवायला बसले तेवढ्यात मी सायकल केळीच्या पिकअपमध्ये चढवली, दोरीनं बांधली. मशीनला हात लावला नाही. महागाची वस्तू, उगीच बिघडायची.

बाहेर आल्यावर त्यांनी पिकअपकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासऱ्याला नाही कसं म्हणणार? बसले गाडीत. रस्ताभर मागे वळून सायकलकडे बघत होते. बुऱ्हाणपुरात सायकल उतरवताना मशीन वाजलं. मी वाकून बघितलं तर शंभर किलोमीटर. म्हटलं, वा, अभिनंदन. ते "हो बाबा" म्हणाले आणि बटण दाबून सगळं पुसून टाकलं.

संध्याकाळी लेकीचा, वैजयंतीचा फोन आला.

"बाबा, काय केलंत हे? दवाखान्यातून आले तेव्हा जिना चढायला घाबरायचे ते. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवत आणलं. आज जाऊन-येऊन स्वतःच्या पायांनी शंभर झाले असते तर मनातली भीती गेली असती. आता म्हणतात, राहू दे, आपल्याच्यानं नाही होत."

मला फार वाईट वाटलं. मग मीच जावयांना फोन लावला. म्हटलं, पुढच्या रविवारी या, सायकलवरच या.

आले. लांबून दिसताच मी पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. आतून रंभाबाई हाका मारत होती, ताट वाढलंय म्हणून. लीलाधर ओट्यावर होताच. जावईबापू सवयीनं उतरायला लागले.

"उतरू नका," मी म्हणालो. "पाणी प्या आणि निघा. जेवून अंग जड झालं तर शंभर राहतील."

एक पाय टेकून त्यांनी तांब्या रिकामा केला, थोडे हसले आणि निघाले. जावयाला उपाशी दारातून परत पाठवणारा सासरा गावात मी पहिलाच असेन. लीलाधर बघतच राहिला. मी म्हटलं, "ये, ताट वाढलेलंच आहे, तू जेव."

दिवस कलता कलता जावयांचा फोन आला.

"बाबा, झाले शंभर."

त्यांचा आवाज भरून आला होता. मी विचारलं, "जेवलात का?"