वाळूतली रुंद चाकोरी

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर नूतनने चाकांवरचं एक घर बनवून घेतलं. दोन चाकं, आत झोपण्यापुरतं बाकडं, एक शेगडी आणि गादीत गुंडाळून ठेवलेली दुर्बीण. घर तिचं, पण ते ओढणारी जीप धाकट्या भावाची, गोपालची. उद्या पहाटे भडगावहून दोघं सातपुड्याच्या पायथ्याकडे निघणार होती. पाड्यापाड्यांवर मुक्काम करायचा आणि तिथल्या मुलांना शनीची कडी दाखवायची, हे ती कित्येक वर्षं मनात धरून होती.

सकाळी गोपाल म्हणाला, "अक्का, आज जरा नदीकाठी नेतो. मित्रांची भरीत पार्टी शे, त्यांनाही पाहू दे."

"वाळूत उतरवायचं नाही."

"तुनी आन, अक्का. डांबरावरच उभं राहील."

घर आणि जीप यांच्या जोडाला ती चोरीच्या भीतीने कुलूप लावायची. तसंच लावून तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि भावजयीबरोबर वांगी निवडायला बसली.

दुपारी गोपालचा फोन आला. "किल्ली घेऊन ये, लगेच. घर रुतलंय, जीप सुटत नाही. वरून धरणाचं पाणी सोडलंय म्हणे."

भावजयीने, रोशनीने, तिला स्कूटीवर गिरणेकाठी आणलं. पात्राच्या मधोमध घर पुढच्या बाजूला झुकून बसलं होतं. चाकं अर्धी वाळूत. गोपाल धावत वर आला.

"वळवायला गेलो आणि घसरलं गं. रुतल्यावर हवा कमी करून पाहिली, तरी निघेना. तू किल्ली दे. जीप तर वाचू दे. डब्याचं काय, पाणी गुडघ्याएवढंच येईल."

डबा. तिने किल्ली दिली नाही. ती उतारावर उभी राहून खाली पाहत राहिली. डांबर संपत होतं तिथपासून वाळूत चाकोऱ्या उमटल्या होत्या. हवा भरलेलं चाक अरुंद आणि खोल खूण सोडतं. या खुणा पहिल्या हातापासूनच रुंद होत्या, उथळ, पसरट. वाळूत उतरण्याआधीच हवा सोडलेली होती.

दिवाळीत याच भावाने तिला विचारलं होतं, वाळवंटातले लोक चाकातली हवा का सोडतात? शाळा सुटल्यापासून त्याने आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न. तिने परातीतल्या पिठात आधी बोट दाबून दाखवलं, मग तळवा. "बोट रुततं, तळवा तरंगतो." किती आनंद झाला होता तिला. रात्रभर त्याच आनंदात होती.

"बठ्ठी आयडिया तुमनीच ना, अक्का?" गोपालचा मित्र रतिलाल हातातलं भाजलेलं वांगं सोलत हसला. "गोपाल कालदिनच सांगे, हवा कमी करी का घर नदीमा बी चालस. आम्ही तर पैज लावेल व्हती!"

"गप रे," गोपाल म्हणाला.

"काल," नूतन म्हणाली. "आणि शपथ आज सकाळी."

"अक्का, आता पाणी येतंय. ते नंतर बोलू ना."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आधी जीप सोडवणंच शहाणपणाचं होतं. तिने खाली उतरून स्वतः कुलूप काढलं. गोपालने जीप काठावर चढवली आणि तिथेच थांबला. घराकडे मागे वळून आला नाही.

पाणी गुडघ्याएवढंच आलं असतं, पण चाकांखालची वाळू वाहून गेली की घर कुशीवर पडलं असतं, दुर्बिणीसकट. तिने काठावरच्या खळ्यातल्या पंडितनानांना हाक मारली. त्यांनी ट्रॅक्टर आणला. वांगी भाजायला आणलेल्या कपाशीच्या काड्या उरल्या होत्या. नूतनने आणि रोशनीने चाकांपुढची वाळू हातांनी उकरली आणि त्या काड्या चाकांखाली दाबून भरल्या. तारेच्या दोरानं घर हळूहळू वर निघालं. घराच्या पुढच्या कप्प्यात पार्टीच्या काळ्या मडक्यांचा, पाण्याच्या ड्रमचा ढीग होता. सगळं वजन गोपालने नाकावर टाकलं होतं.

घर खळ्यात येऊन थांबलं, तेव्हा पात्रात पाण्याची पातळ जीभ वळत वळत येत होती. रुंद चाकोऱ्या आधी भिजल्या, मग बुजल्या.

गोपाल जीप मागे घेत आला. आरशात पाहून नेमका घरासमोर थांबला. तसं त्याला छान जमायचं.

"जोडू ना, अक्का? हवा भरून घेतो. पहाटे निघायचंय आपल्याला. काही मोडलं तर नाही ना?"

तिने दुर्बीण उघडून पाहिली होती. भिंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

"नाही मोडलं," ती म्हणाली. दुसरी जीप नव्हती, दुसरा भाऊ नव्हता. तिने रिकाम्या जोडात कुलूप बसवलं, म्हणजे आता त्यात कुणाचीच गाडी अडकणार नव्हती, आणि किल्ली फिरवली.

"नाना," ती पंडितनानांना म्हणाली, "तुमच्या खळ्यात राहू द्या हे. किती दिवस, ते आज नाही सांगता येणार."

"राहू दे बेन," नाना म्हणाले.

रोशनीने स्कूटी सुरू केली. नूतन मागे बसली. हातांना अजून वाळू चिकटलेली होती.