डुप्लिकेट चावी

केसरीनाथांनी कमरेचा जुडगा काढला, न बघता बोटांनीच नेमकी चावी हुडकली आणि शाळेच्या कॉम्प्युटर-खोलीचं कुलूप उघडलं. शिपाई ऑफिसातली चावी घेऊन धावत येईतो शेठ चपला काढून आत पोचलेही होते.

“आपल्याकडं प्रत्येक कुलपाची डुप्लिकेट असते,” ते पाहुण्यांना म्हणाले.

पाहुणे दोघे. एक महादू पाटील, वज्रेश्वरीकडच्या एका शाळेच्या कमिटीवरचे. त्यांना आपल्या शाळेतही अशी खोली करायची होती. दुसरा प्रितेश, केसरीनाथांच्या काल्हेरच्या गोडाऊनचा भाडेकरू. मंडळी त्याच्याच गाडीतून आली होती. डुप्लिकेटचा विषय निघाला तसा प्रितेश छताचा पंखा बघू लागला. त्याच्या गोडाऊनचीही एक चावी त्याच जुडग्यात होती. केसरीनाथांना दाखवायची भारी हौस. घरी कुणी आलं की आधी जेवण, मग गोडाऊन. भाडेकरू जागेवर असो नसो, शेठ कुलूप काढून पाहुण्याला खोक्यांच्या रांगांतून फिरवून आणत. मनात काळंबेरं काही नसे. आपलं आहे ते दाखवायचं, त्यात विचारायचं काय!

ही खोलीही तशी त्यांचीच. सगळी मशीनं त्यांनी दिलेली, दारावरच्या संगमरवरी पाटीवर नाव त्यांचं, आणि मशीनांवरची कव्हरंसुद्धा त्यांच्या ओळखीच्या लूमवाल्याच्या कापडाची.

“हे मोठं मशीन. बाकीची समदी ह्याला तारांनी जोडलेली. इथं बसलं की कुठल्या पोरानं काय लिवलंय, कुणाला किती मार्क, समदं दिसतं. आता बघाच.”

शिपायाने बटण दाबलं. पडदा उजळला आणि नाव मागू लागला; नावाखाली पासवर्ड. केसरीनाथांनी ऐटीत स्वतःचं नाव टाकायला लावलं. दारावरच्या पाटीला ठाऊक असलेलं ते नाव मशीनच्या गावीही नव्हतं. महादू पाटील खोकले.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या विनिता मॅडम ट्रेनिंगला ठाण्याला गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. मग शिपायाने सांगितलं, की लोडशेडिंगमध्ये लाइट गेली तर बॅटरी संपायच्या आत हे मशीन रीतसर बंद करावं लागतं, म्हणून मॅडमनी पासवर्ड नववीतल्या मृणालीला देऊन ठेवलाय. मृणाली म्हणजे केसरीनाथांची नात. शेठची छाती फुगली.

“मग घरचंच काम! माझी नात हाय पाटील. बोलवा तिला.”

मृणाली आली. बूट काढून तिने ते भिंतीशी ओळीत ठेवले आणि मगच आत पाऊल टाकलं.

“बाय, ह्ये उघड. पाटलांना दाखवायचं हाय.”

“न्हाय आजोबा.”

केसरीनाथांना ऐकू आलं, पण पटलं नाही. या माणसाला ‘नाही’ म्हणायची घरात रीतच नव्हती. त्यांची बायको कमळसुद्धा नाही म्हणायचं झालं तर आधी चहा ठेवी.

“मॅडमनी फक्त बंद करायला दिलाय,” मृणाली म्हणाली. “उघडून दाखवायला न्हाय.”

“मशीनं कुणी दिली?”

“तुम्ही. पण आत सगळ्यांची कामं हायेत, मार्क हायेत. त्यांना कुणी विचारलेलं न्हाय.”

“अगो, मी सांगतंय ना!”

मृणालीने वेणीची रिबीन बोटाला घट्ट गुंडाळली. डोळ्यांत पाणी तरारलं, पण हात काही की-बोर्डकडे गेला नाही. केसरीनाथांचा चेहरा लाल झाला. वज्रेश्वरीहून माणूस आणलेला, त्याच्यादेखत स्वतःच्या नातीने तोंडघशी पाडलं. आता याला दाखवायचं काय, पाटी?

“माझं दाखवू?” मृणालीने डोळे पुसले. “माझं काम माझं हाय. ते दाखवते.”

ती कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसली, नाव लिहिलं आणि थांबली.

“आजोबा, जरा तिकडं तोंड करा.”

“मी?”

“सगळ्यांनीच. पासवर्ड टाकते.”

प्रितेश सगळ्यांत आधी वळला, जरा जास्तच तत्परतेने. मग पाटील. शेवटी केसरीनाथ हात पाठीशी बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लग्नातल्या अंतरपाटानंतर ‘आता बघायचं नाही’ असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मागे की-बोर्डच्या कळा टकटकत होत्या. समोर भिंतीचा नुसता निळा रंग होता, आणि तो बघता बघता त्यांना आपला राग सापडेना.

“बघा आता.”

पडद्यावर खाडी होती, मृणालीने काढलेली. पाण्यात निवट्या, बोय, चिंबोऱ्या. प्रत्येकाखाली नाव, आणि आजी कमळ ते कसं रांधायची त्याच्या दोन ओळी. महादू पाटलांनी चष्मा लावून सगळं वाचून काढलं.

“शेठ, खोली आम्ही बांधू, मशीनंही आणू,” ते म्हणाले. “पण आज्यानं मागितला तरी पासवर्ड देनार न्हाय, अशी पोर कुठनं आनू?”

केसरीनाथांचा ऊर भरून आला. मृणालीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. निघताना खोलीची चावी जुडग्यातून सोडवून शिपायाच्या हातावर ठेवली.

“ऑफिसात ठेव. दोन्ही तिथंच असू देत.”

परतताना काल्हेरला गाडी थांबली. पाटलांना गोडाऊन दाखवायचं, हे सकाळीच ठरलेलं. शटरपाशी केसरीनाथांचा हात सवयीने कमरेला गेला. जुडगा निघाला, चावीही हाताला लागली. मग ते जुडग्याच्या कडीशी खटपट करू लागले. चावी बरीच वर्षं तिथे रुतलेली, लवकर सुटेना.

“ही घे,” त्यांनी ती प्रितेशच्या हातात दिली. “पाटलांना आत बघायचं हाय. दाखवशील काय?”

प्रितेशने चावी मुठीत घेतली.

“दाखवतो ना, शेठ. या.”

तो कुलपाशी वाकला. मागे वळून बघतो तर केसरीनाथ हात पाठीशी बांधून, रस्त्याकडे तोंड करून उभे.

“शेठ, ह्याला कुठं पासवर्ड आहे?”

“असू दे. तू उघड,” केसरीनाथ म्हणाले, आणि शेजारी उभ्या पाटलांना मिशीतल्या मिशीत हसत पुन्हा एकदा सांगितलं, “नात हाय माझी.”