माझा उजवा काटा

वार रविवार, सप्टेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेदहा. स्थळ: पाचूबंदर, पास्कल यांच्या घराची मोरी. हजर दोघेच. एक पास्कल, वय अडुसष्ट, बोटीवरून निवृत्त, नुकतेच चर्चमधून मिस्सा आटोपून आलेले. दुसरा मी. तिसरा साक्षीदार नव्हता, म्हणून मलाच बोलणं भाग आहे.

मी मासा आहे. ठिपक्यांचा, मिशीवाला, करंगळीच्या दुप्पट. दुकानात मला कॅटफिश म्हणत, घरात माझं नाव फौजदार. आणि मी खरोखर आवाज काढतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या पंखांपुढे एकेक टणक काटा आहे. तो खोबणीत घासला की ‘कुर्र’ असं वाजतं. तीच माझी वाचा. आज मी बोलतोय ते एकाच काट्यावर. दुसऱ्याचं काय झालं, त्याचाच हा जबाब.

माझ्या जन्माची नोंद नाही. आठवते ती एक प्लास्टिकची पिशवी. आत ओंजळभर पाणी आणि आम्ही चौघे. पिशवी वसईत यतीनच्या दुकानात उघडली तेव्हा आम्ही दोघेच हलत होतो. उरलेल्या दोघांबद्दल पाठवणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. यतीनचं घराणं केळीच्या वाडीवाल्यांचं, पण हा पोरगा माशांत रमला. त्याने आम्हाला महिनाभर खाऊपिऊ घालून धडधाकट केलं.

एके दिवशी काचेसमोर एक म्हातारी थांबली. लूर्डस. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेली बाई. आता गुडघे गेले होते.

“हा तर शिंगाल्याचा पोर दिसतो.”

“मावशी, हा खायचा नाही हां,” यतीन घाबरला.

“कलतं रे मला. जल्मभर मेलेली मासली विकली. आता एक जिती पालते.”

असा मी पाचूबंदरला आलो. तिच्या नवऱ्याने, पास्कलने, मला पाहून नाक मुरडलं. “बिनकामाचा मासा. ना कालवनाला, ना सुकवायला.”

“तुमी तरी कुठं कालवनाला येता?” लूर्डस म्हणाली. “तुमाला ठेवलाच ना?”

माझे दिवस सुखाचे होते. टाकी धुवायची झाली की लूर्डस वाटी पाण्यात धरायची, मी आपणहून आत जायचो. वाटी कानाशी नेऊन ती माझं कुर्र ऐकायची. “बोला फौजदार, काय तक्रार?” तक्रार काहीच नसायची.

सप्टेंबरात ती वेलंकनी मातेच्या यात्रेला गेली. नऊ दिवस. जाताना नवऱ्याला बजावून गेली, “टाकी धुवाल तर वाटीनं काढा. जाली लावायची नाय.”

आता नीट ऐका. शिंगाळा हा समुद्रातला माझा चुलता. जाळ्यात आला की मच्छीमार आधी पकडीने त्याचे काटे मोडतो, मगच हात लावतो. नाही मोडले तर काटा तळहातात घुसतो आणि हात दोन दिवस सुजतो. पास्कलने आयुष्यात असे हजारो काटे मोडले असतील. त्याच्या हाताला ते पाठ होतं, डोक्याला विचारायची गरजच नव्हती.

“वाटीनं मासा काढू? दर्यावरची मानसं हसतील मला,” असं पुटपुटत त्या रविवारी टाकी धुवायला त्याने पाण्यात हिरवी जाळी घातली. मी भ्यालो, काटे ताठ केले, ते जाळीत गुंतले. त्याचा डावा हात मोरीतल्या खिळ्याकडे गेला. तिथे पकड टांगलेली होती.

कट्.

उजवा काटा गेला. मागचा अर्धा पंख फाटून लोंबू लागला. पकड डावीकडे वळली, तेव्हा उरलेल्या काट्याने मी जीव खाऊन ओरडलो. कुर्र!

पास्कल थिजला. “आरे देवा,” तो म्हणाला. “हा तर लूर्डसचा.”

त्याने मला टाकीच्याच पाण्यात, एका कोऱ्या थर्माकोलच्या पेटीत ठेवलं. याच पेट्यांतून बर्फ घालून मेलेले मासे बाजारात जातात; माझ्या मनात काय आलं असेल ते ओळखा. मग कळशी उचलून तो बंदराकडे निघाला. यतीनला लावलेला फोन लागला तो दारातच.

“आमच्या हाताला कापलं का आमी दर्याच्या पान्यात बुडवतो. भरतं. तेच आनतो.”

“काका, कळशी खाली ठेवा!” यतीन ओरडला. “तो गोड्या पाण्यातला आहे. समुद्राचं पाणी घातलंत तर संध्याकाळ बघणार नाही. मीठ नको, हळद नको. स्वच्छ पाणी आणि शांतता, एवढंच. मी येतोय.”

यतीन स्कूटरवरून आला. हवेचा पंप लावला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब दिले. खाली खडे नकोत, पंखाला घासतील. लपायला मातीची कुंडी आडवी ठेवा. रोज चौथा भाग पाणी बदला. खाल्लं नाही तर उरलेले दाणे काढून टाका. “आणि हे झालं कसं, काका?”

“जालीत अडकला,” पास्कल म्हणाला.

पहिलं खोटं. नोंद करा.

माझा राग खरा आहे, पण सगळंच सांगायला बसलोय तर हेही सांगतो. त्या माणसाने त्यानंतर माझ्यासाठी जे केलं ते स्वतःच्या होडीसाठीही केलं नसेल. पाटावर बसून तो मगाने पाणी बदलायचा. बदलायचं पाणी आधी तळहातावर घेऊन पाहायचा, गार तर नाही ना. दोन दिवस मी खाल्लं नाही, तर तोही अर्ध्या जेवणावरून उठला. चौथ्या दिवशी जखमेवर कापसासारखं पांढरं धरलं. यतीनने मोजून औषध घातलं, आणि पास्कल पेटीशी प्रार्थनेची माळ घेऊन बसला.

लूर्डसचा व्हिडिओ कॉल यायचा. “फौजदाराला दाखवा.” तो मोबाइल माझ्या डाव्या बाजूला धरायचा.

“उजवीकडून दाखवा की.”

“नेटवर्क नाय,” म्हणून बंद.

शनिवारी तो पाणी बदलताना हळूच म्हणाला, “फादरला सांगितलं रे पापनिवेदनात. फादर बोलले, हे मला नको, लूर्डसला सांग. हेच तुझं प्रायश्चित्त.”

लूर्डस परतली तेव्हा फाटलेल्या कडेला काचेसारखी पातळ झिल्ली फुटली होती. पिशवी न ठेवताच तिने मला वाटीत घेतलं, कानाशी धरलं.

“आवाज अर्धाच कसा?”

“जालीत अडकला,” पास्कल म्हणाला.

मोरीत जाऊन तिने हिरवी जाळी उचलली, उजेडात धरली आणि विणीचं एकेक घर बोटाने चाचपलं. जाळी विणणाऱ्याची लेक ती. काटा ओढाताणीत मोडला तर जाळीचं घर तुटतं, हे तिला कुणी शिकवायला नको.

“जाली तर धड हाय,” ती म्हणाली. “मग काटा कोनी तोडला?”

पास्कल म्हणाला, “चाय टाकतो.”

याला आता पाच आठवडे झाले. पंख जवळजवळ भरलाय, पोहताना मी थोडा उजवीकडे कलतो एवढंच. काटा तोकडाच राहिला. पास्कल रोज विचारतो, “काय फौजदार, बरं हाय ना?” आणि मी डाव्या काट्याने उत्तर देतो, कारण तो मला आवडतो. काय करणार. तुमच्या घरी माझ्या जातीचा कुणी असेल तर त्याला वाटीने उचला, आणि हात पकडीकडे गेलाच तर आधी कुणाचा मासा आहे ते आठवा.

मोरीतला खिळा आता रिकामा आहे. पकड लूर्डसने काढून घरातल्या देव्हाऱ्यात, अल्तारावर, वेलंकनीहून आणलेल्या मातेच्या मूर्तीच्या पायाशी ठेवली आहे. पास्कल तिथे रोज संध्याकाळी मेणबत्ती लावतो. पकड तिथे कशी, हे त्याने अजून विचारलेलं नाही, आणि काटा कोणी तोडला, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.