एकतिसावी

कपडे धुण्याच्या मशीनने शेवटची घरघर केली, टुंग असा आवाज दिला आणि ती थांबली. ऑस्कर पाळण्यात जरासा हलला, पण उठला नाही. मी श्वास सोडला. त्याच वेळी टेबलावरचा फोन उजळला. धान्याच्या कोठारावरून माझ्या नवऱ्याने, डॅरेलने, तीनच शब्द पाठवले होते: ‘तिलाच घेतलं त्याने.’

म्हणजे प्रुइटने. देशाच्या अध्यक्षपदासाठी तो, उपाध्यक्षपदासाठी कॉरीन ॲशबी. हिवाळाभर एकमेकांना बोचकारणारे दोघे आता एकाच पाटीवर. मी उभ्याउभ्याच रडले. मला प्रुइट फारसा आवडत नाही आणि देशाचं काय होईल हा विचारही त्या क्षणी मनात नव्हता. मनात एवढंच आलं, की आता ब्रिटा येईल.

ब्रिटा माझी मोठी बहीण. नदीपलीकडे चार मैलांवर राहते. फेब्रुवारीपासून आमचं भांडण नाही, पण तिला वेळ नसतो. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

फेब्रुवारीत शाळेच्या जिममध्ये पक्षाचा उमेदवार निवडायची सभा भरली होती. आमच्याकडे या फेरीत चिठ्ठीवर मत देत नाहीत. जो उमेदवार आवडतो त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजतात. दोनशे चारजण आले होते. कोपरा टिकायला निदान एकतीस माणसं लागणार होती. कमी पडली तर कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांनी दुसऱ्याकडे जायचं किंवा घरी.

ॲशबीचा कोपरा ब्रिटाचा होता. वर्षभर तिने दारोदार फिरून तो जमवला होता. एका घरी कुत्रा चावला, तरी त्या घरच्या म्हाताऱ्याला तिने कोपऱ्यात आणून उभं केलं. मला तिने फक्त सांगितलं होतं, की ये. मी गेले. ऑस्कर तेव्हा दोन महिन्यांचा. गर्दीत तो तासभर रडला, शेवटी मी त्याला घेऊन बालवाडीच्या वर्गात गेले आणि एका चिमुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन पाजायला बसले. त्याने नुकतंच तोंड लावलं होतं.

मोजणीत कोपऱ्यात तीसजण भरले.

मग प्रुइटच्या बाजूचे शेजारी बिस्किटांचं ताट घेऊन आमच्या माणसांना बोलवायला आले. हसतखेळत, नेहमीसारखे. अर्ध्याहून जास्त गेले. ब्रिटाने कोणाला अडवलं नाही. पाटी काखेत मारली आणि ती बर्फातून गाडीकडे गेली. दोन आठवड्यांनी ॲशबीने माघार घेतली. सगळे म्हणाले, आपल्या गावच्या एका कोपऱ्याने काय होणार होतं. खरंच आहे. तरी मी एकतिसावी होते.

उन्हाळाभर गावात एकच चर्चा होती, या दोघांना एकत्र आणावं की नाही. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लॉकेनआजोबा म्हणाले, दोघांना एका गाडीत बसवा, पण मग चावी तिसऱ्याकडे द्या. बायका म्हणाल्या, त्याने वादसभेत तिच्या राज्याला ‘माझ्या परसाएवढं’ म्हटलं होतं, तिने का जावं? मी कप विसळत ऐकत राहायचे आणि मनात म्हणायचे, जा गं बाई, जा. ती गेली तर सगळं आपोआप सांधलं जाईल असं मला वाटत होतं. वाटण्याला अर्थ नव्हता, पण बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसलं की माणूस कशावरही आशा टांगतो.

मी ब्रिटाला फोन केला. बातमीबद्दल बोलले नाही. म्हटलं, उद्या मका करायचाय, सहा डझन कणसं आणली आहेत, मला एकटीला नाही जमणार.  ती म्हणाली, येते, माझी सुरी घेऊन येते, तुझ्या सुरीने लोणीही कापलं जात नाही.

दर ऑगस्टमध्ये आम्ही दोघी हे करतो. मागच्या पायरीवर बसून कणसं सोलायची, उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकायची, दाणे कापायचे, पिशव्या भरून गोठवायच्या. काम झालं की ब्रिटा आमच्याकडेच जेवते.

शनिवारी सकाळी ती आली. केस कापले होते, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑस्करकडे तिने पाहिलं, त्याच्या पावलाला बोट लावलं, उचललं नाही. पाच वर्षांची माझी टिल्डा मात्र तिच्या गुडघ्याला चिकटूनच बसली आणि कणसाच्या केसांची दाढी लावून हिंडू लागली.

“कणीस सोलते आहेस की त्याची समजूत काढते आहेस?” ब्रिटा मला म्हणाली. मी हसले. किती दिवसांनी कोणी माझी अशी खोड काढली होती.

तीन डझन होईपर्यंत आम्ही फक्त मक्याबद्दल बोललो. यंदा दाणा बारीक आहे, पाऊस उशिरा झाला. मग मला राहवलं नाही.

“आता तरी सगळे एकाच बाजूला आहेत,” मी म्हटलं.

ब्रिटाची सुरी कणसावरून सरळ खाली आली. दाण्यांची लांब पट्टी परातीत पडली.

“तिने हो म्हणायला नको होतं,” ती म्हणाली. “पण म्हणाली. मी तिचं काम करीन, सोमवारपासून पत्रकं वाटायला जाणार आहे, त्याच्याही नावाची. त्यात काही नाही. पण एका पाटीवर दोन नावं छापली म्हणून तो तिला बोलला ते पुसलं जात नाही गं.” मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “त्या दिवशी मी तुला हाक मारायला माणूस पाठवला होता. तुला ऐकू आली होती?”

सहा महिने हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. 

“आली होती,” मी म्हटलं. “दोनदा. ऑस्कर नुकताच प्यायला लागला होता. मला वाटलं, थांबतील.”

“मलाही वाटलंच होतं,” ब्रिटा म्हणाली. “तुझ्या जागी मीही उठले नसते बहुतेक.” तिने पुढचं कणीस उचललं. “बहुतेकच म्हणायचं. मला कुठे ठाऊक आहे.”

तिने बाळासाठी सात वर्षं दवाखाने केले होते. ते थांबलं त्याच वसंतात तिने ॲशबीचं काम हाती घेतलं, आणि मी दोन्ही जवळून पाहिलं होतं. एकदा वाटलं, ऑस्करला उचलून तिच्या मांडीवर द्यावं. मग वाटलं, ते आणखी वाईट होईल. मी बर्फाच्या पाण्यात हात घालून कणसं काढत राहिले, बोटं बधिर होईपर्यंत.

“रागावली आहेस?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि मला माहीत आहे, ती खोटं बोलत नाही.

दुपार व्हायच्या आत सगळ्या पिशव्या भरल्या. अर्ध्या तिने आपल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, सुरी पुसून कापडात गुंडाळली. मी म्हटलं, भाजी चुलीवर आहे, दहा मिनिटांत जेवू. ती म्हणाली, पत्रकं मोजायची आहेत. तिने टिल्डाच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या गालाला गाल लावला. तिच्या अंगाला मक्याचा गोड वास येत होता. मग गाडी खडीवरून हळू वळली आणि नदीच्या दिशेने गेली.

टिल्डा जाळीच्या दाराला नाक लावून धूळ खाली बसेपर्यंत बघत होती. मागे टेबलावर चार ताटल्या तिनेच मांडल्या होत्या.

“आई,” ती म्हणाली, “मावशी रागावली नाहीये, तर मग ती घरी का गेली?”