गटाबाहेर

आमचे हे, तुळशीराम, झुगे लियांगची गोष्ट सांगायला लागले की दुसरबीडच्या बीजोत्पादक गटातली माणसं एकमेकांकडे पाहून हळूच हसत. आमच्या लेकीनं, निवेदितानं, ती त्यांना मोबाइलवर ऐकवली होती. जुन्या चीनमधला हा मंत्री, युद्धनीतीचा मोठा जाणकार. मा सू नावाच्या त्याच्या लाडक्या सरदारानं आज्ञा मोडून डोंगरावर तळ दिला, शत्रूनं पाणी तोडलं, लढाई गेली. मंत्र्यानं रडत रडत त्याला देहदंड दिला आणि स्वतःचंही पद खाली आणलं.

"आपल्या माणसाले एक न् दुसऱ्याले एक, असा कायदा नसते," हे म्हणत.

गटाचे अध्यक्ष हेच. नियमही यांनीच केला. मिरचीची फुलं हातानं पराग लावून फळवायच्या दिवसांत शेडनेटचा, म्हणजे जाळीच्या मांडवाचा, पडदा उघडायचा नाही. मधमाशी आत आली की बाहेरच्या मिरचीचा पराग येतो, बी भेसळ होतं. पडदा उघडेल तो गटाबाहेर, आणि गटाबाहेरच्याला बियाण्याची कंपनी काम देत नाही.

उघडला गोविंदानं. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, आईबाप गेल्यावर आमच्याच घरात वाढलेला; त्याची बायको काजल पोटुशी. भर दुपारी आत काम करताना मजुरीला आलेली जनकाबाई उकाड्यानं घेरी येऊन पडली. त्यानं पडदा वर गुंडाळला आणि बाकीच्या बायांसाठी संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला. कंपनीच्या तपासणीत त्याचं बी नापास झालं.

बैठक आमच्या ओसरीवर भरली. मी देवघरात माळ घेऊन बसले होते, पण जप होईना.

"काऊन उघडला बे?" यांनी विचारलं.

"बाई मरून राह्यली होती, मोठे बाबा."

"तिले बाहेर काढाचं होतं."

"बाकीच्या बाया काय लोखंडाच्या होत्या?"

"मंग काम बंद ठेवाचं, मले फोन कराचा."

कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना अध्यक्ष, घरचंच पोरगं हाये."

"म्हणूनच," हे म्हणाले. आवाज फाटला त्यांचा.

गोविंदाला त्यांनी गटातून काढलं आणि लगेच स्वतःचं अध्यक्षपदही सोडलं. चारचौघांत मी यांच्यापुढे कधी बोलत नाही, पण उठून बाहेर आले.

"अहो, काजलले सातवा लागला. त्यानं आता करावं काय?"

"मले समजत नाही का?" इतकंच म्हणाले. डोळे भरले होते.

गोविंदा उठला. "मोठे बाबा, तुमचा मंत्री लय रडला. मा सूले काय भेटलं त्याचं?"

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा तांब्या घेऊन महादेवाकडे निघाले. वाट गोविंदाच्या शेतावरूनच जाते. विकायला काढलेली जाळी गोविंदा एकटाच उतरवत होता. वाऱ्यानं ती सारखी तारेत अडकायची. बांधावर हे कधीचे उभे होते.

गोविंदानं वळून न पाहता म्हटलं, "उभे काय राह्यले? तिकडचं टोक धरा, नाही तं फाटते."

यांनी धरलं. घडी घालत दोघं जवळ आले, टोकं जुळवली, पुन्हा लांब गेले.

मी तांब्या धरून तिथंच थांबले. देवळात जाऊन कोणासाठी काय मागायचं, तेच सुचेना.