शिल्पानं पाठवलेली माळ

मे महिन्यात मालतीबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरभर हिंडणारी ती बाई खिडकीजवळच्या खुर्चीला खिळली. वय ब्याऐंशी, पण डोकं लख्ख. कुणाच्या घरी कोण आलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्यांना खुर्चीत बसून ठाऊक. विद्यानगरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासोबत होती थोरली मुलगी मनीषा. सरकारी शाळेत गणित शिकवण्यात तिची हयात गेली होती, आणि आता निवृत्तीनंतर आईचं उठणं-बसणं, औषधं, आंघोळ हेच तिचं वेळापत्रक झालं होतं. लग्न झालं नव्हतं. धाकटा भाऊ अरविंद पुण्याला. वडील रामचंद्र हायकोर्टात कारकून होते; त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

एका सकाळी मनीषा आईची वेणी घालत होती, तर आईचा हात सारखा गळ्यापाशी जात होता.

"काय होतंय आई? खाजतंय का?"

"काही नाही गं. गळा कसा ओका ओका वाटतो." मग मालतीबाई म्हणाल्या, "माझी पोवळ्याची माळ एकदा बघावीशी वाटते. दिलेली वस्तू परत मागू नये, कळतं मला. पण नुसती बघायला काय हरकत आहे?"

मनीषाच्या हातातला कंगवा थांबला. त्या माळेबद्दल आई सव्वीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

माळ मालतीबाईंच्या माहेरची, मलकपेठची. विटकरी रंगाचे, ढोलकीच्या आकाराचे मणी, मधूनमधून सोन्याचा बारीक मणी. मनीषा लहान होती तेव्हा आईच्या मांडीत बसून ते मणी एक एक करून सरकवायची आणि विचारायची, "ही माझी ना?" आई म्हणायची, "तुझं जमलं की तुझी." जमलं नाही. पत्रिकेत मंगळ निघाला. ज्योतिष्यानं पोवळं घालायला सांगितलं, तेव्हा आईनं बाजारातून एक खडा आणून तिला अंगठी करून दिली. माळ काही काढली नाही. मनीषा चौतिशीत असताना अरविंदचं लग्न झालं. सूनमुख बघताना मालतीबाईंनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि सगळ्यांच्या देखत शिल्पाच्या गळ्यात घातली. मनीषा तेव्हा पाहुण्यांसाठी सरबताचे ग्लास घेऊन दारात उभी होती. ग्लास सगळ्यांना देऊन ती आत गेली आणि पुऱ्या तळायला बसली.

त्या दुपारी आई झोपल्यावर तिनं स्वयंपाकघरातून अरविंदला फोन लावला.

"आईला माळ बघायचीय. दोन दिवसांसाठी पाठवता का? मी परत पाठवून देईन."

अरविंदनं शिल्पाला हाक मारली. मग फोन शिल्पानं घेतला.

"ताई, खरं सांगू का, ती माळ आता नाहीये. तीन वर्षांपूर्वी मी ती मोडली. मुलींसाठी दोन ब्रेसलेट केली, उरलेले मणी पेंडंटमध्ये गेले. तशी जुन्या पद्धतीची माळ आता कोण घालतं? आईंना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"बरं," मनीषा म्हणाली.

"तुम्ही रागावलात का?"

"नाही गं. तुला दिलेली वस्तू होती, तुझ्या मर्जीची."

फोन ठेवल्यावर तिनं डाळीला फोडणी दिली. मोहरी जळली, ती तशीच टाकली.

चार दिवसांनी, शेजारच्या बाईंना आईजवळ बसवून, ती पत्थरगट्टीला गेली. चारमिनारच्या अलीकडच्या त्या गल्लीत मोत्यांची दुकानं ओळीनं आहेत आणि मोत्यांच्या जोडीला पोवळंही मिळतं. पहिल्या दुकानात तिला एकसारख्या लालभडक मण्यांच्या माळा दाखवल्या. काचेसारख्या गुळगुळीत, सगळे मणी एका आईची लेकरं. ती बाहेर पडली. तिसऱ्या दुकानात एक म्हातारा चष्मा कपाळावर ठेवून मोती ओवत बसला होता.

"मूंगा होना? किस के वास्ते?" पोवळं कुणासाठी हवंय, असं त्यानं विचारलं.

"अम्मा के वास्ते."

"कितने बरस की हैं?"

"ब्याऐंशी. बयासी."

"तो हलकी माला लेव. बुढ्ढी गर्दन पे वजन नक्को." त्यानं कपाटातून एक पुडकं काढून माळा पांढऱ्या कापडावर पसरल्या. "हात फिराव. असली मूंगा थंडा रहता. और सब दाने एक रंग के नै रहते, बेटा. समंदर में उगी हुई चीज है."

साठीच्या बाईला कुणी बेटा म्हटल्याला फार दिवस झाले होते. मनीषा स्टूल ओढून बसली आणि शाळेत पेपर तपासायची तशी एक एक माळ उलटीसुलटी करून बघू लागली. एक फार गुलाबी. एकीचे मणी गोल. आईचे गोल नव्हते. एक दिसायला अगदी तशी, पण म्हाताऱ्यानं स्पिरिटचा बोळा फिरवून दाखवला तर कापसावर लाल डाग उतरला. "ये रंगाया हुआ है. देख के लेना," तो म्हणाला आणि ती माळ त्यानं स्वतःच बाजूला सारली. तास गेला. शेवटी पुडक्याच्या तळाशी ढोलकीच्या आकाराचे सुटे मणी सापडले, विटकरी, काहींवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असलेले. तिनं ते निवडले, लहानापासून मोठे, पुन्हा लहान, असे लावून दिले, मधले सोन्याचे मणी कुठे येतात ते आठवून सांगितलं. म्हाताऱ्यानं तिच्यासमोर माळ ओवली.

रिक्षात ती डबी मांडीवर धरून बसली होती आणि मनात वाक्य जुळवत होती. आई, ती जुनी माळ राहिली नाही, पण मी तुझ्यासाठी नवी आणली. मी स्वतः निवडली. एवढंच सांगायचं होतं. शाळेत वर्षानुवर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई, पण हे वाक्य तिनं तारनाक्यापर्यंतच्या वाहतुकीत अडकलेल्या रिक्षात चार वेळा घोकलं. रिक्षावाल्यानं चुकून विद्यानगर मागे टाकून पूल ओलांडून पुढे नेलं होतं, तरी तिनं त्याला टोकलं नाही.

घरी येऊन तिनं डबी आईच्या हातात दिली. मालतीबाईंनी झाकण उघडलं. त्यांचा चेहरा असा फुलला की ऑपरेशनपासून तसा मनीषानं पाहिलाच नव्हता.

"शिल्पानं पाठवली?"

मनीषाच्या तोंडात वाक्य तयार होतं.

"हौ," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत होते ना, सून गुणाची आहे. एका शब्दावर पाठवली. घाल, घाल माझ्या गळ्यात."

मनीषानं मागे उभं राहून फासा लावला. मालतीबाईंनी आरसा मागितला. मग दिवसभर जो येईल त्याला त्या सांगत राहिल्या. दूधवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, खालच्या तेलुगू बाई. "मा कोडलु पंपिंदि," माझ्या सुनेनं पाठवली, हे तेवढं वाक्य त्यांनी तेलुगूत पाठ केलं होतं.

संध्याकाळी मनीषानं अरविंदला फोन करून सांगून ठेवलं, म्हणजे बोलण्यात फरक यायला नको.

"ताई, तू म्हणजे ना..." अरविंदचा आवाज एकदम मोकळा झाला. "वाचवलंस आम्हाला."

ऑगस्टमध्ये सुट्टी जोडून अरविंद आणि शिल्पा तीन दिवसांसाठी आले. मुली आल्या नाहीत, त्यांचे क्लासेस होते. मालतीबाईंनी त्या दिवशी नवं पातळ नेसवायला लावलं. जेवणं झाल्यावर त्यांनी शिल्पाला जवळ बोलावलं आणि स्वतःच्याच हातांनी फासा काढायला लागल्या. तो निघेना. मनीषाला म्हणाल्या, "मने, काढ गं."

मनीषानं फासा काढला.

"माझं बघून झालं," मालतीबाई शिल्पाला म्हणाल्या. "तुझी वस्तू तुझ्याकडे जाऊ दे. तू मन मोठं केलंस."

"नको आई, राहू दे तुमच्याकडे," शिल्पा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं मनीषाकडे बघितलं. अरविंद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

"नक्को म्हणायचं नाही. वाक खाली."

शिल्पा वाकली. माळ तिच्या गळ्यात पडली.

थोड्या वेळानं मनीषा भांडी घासत होती, तिथं शिल्पा आली. माळ तिच्या मुठीत होती.

"ताई, ही घ्या. मला नाही ठेवता येणार. तुम्ही एवढी शोधून आणलीत."

"ठेव. व्हिडिओ कॉलवर ती विचारणार, घातलीस का म्हणून. मग काय दाखवशील?"

"मग आत्ता खरं सांगू या का?"

मनीषानं नळ बंद केला. सांगू या, असं तिला म्हणायचं होतं. पण बाहेरून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. अरविंद तिला लहानपणची कुठलीतरी गोष्ट सांगत होता. "आता कशाला," ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला.

तिसऱ्या दिवशी ते गेले. घर शांत झालं. मनीषा आईच्या पायांना तेल लावत बसली होती. आणि त्या दिवशी का कोण जाणे, इतके दिवस जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं.

"आई, ती माळ शिल्पानं नव्हती पाठवली. मी आणली होती. पत्थरगट्टीहून."

"ठाऊक आहे," मालतीबाई म्हणाल्या.

मनीषाचा हात पायावरच राहिला.

"माझी माळ मला कळत नाही होय? तीस वर्षं गळ्यात होती. हातात घेतल्याबरोबर कळलं. जुनीचं काय केलं तिनं?"

"मोडली."

"वाटलंच."

"मग तू सगळ्यांना का सांगत सुटलीस? आणि तिला का दिलीस?"

मालतीबाई शांतपणे, एखाद्या मुलीला गणिताची पायरी समजवावी तसं बोलल्या, "त्यांना इथं यावंसं वाटलं पाहिजे ना, मने. रिकाम्या हातांनी कोण येतं म्हाताऱ्या माणसाकडे? देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय उरलंय? आता ती म्हणाली, दिवाळीला येऊ."

"आणि मी?"

"तू?" मालतीबाईंना तो प्रश्नच कळला नाही. "तू कुठं जाणार आहेस? तू आहेसच की."

मनीषानं उरलेलं तेल आईच्या टाचांना चोळलं, पायांवर चादर घातली, हात धुतले. आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात आलं, की आईचं म्हणणं खरं आहे. तिला कुठं जायचंय? कुणी कधी विचारलंही नाही आणि तिनंही कधी कुणाला सांगितलं नाही. साठ वर्षांचा हिशेब एका वाक्यात उरकला होता.

त्यानंतर मालतीबाईंनी दिवाळीचे दिवस मोजायला सुरुवात केली. चकलीची भाजणी दळून आणायला लावली. अरविंदला आवडतात म्हणून बेसनाचे लाडू, शिल्पासाठी करंज्या. मनीषा दिवसभर ओट्याशी उभी राहायची, पाय सुजायचे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अरविंदचा फोन आला. धाकटीची प्रवेश परीक्षा, शिल्पाच्या आईचा रक्तदाब, तिकिटंही मिळेनात. "जानेवारीत नक्की," तो म्हणाला.

मनीषानं आईला सांगितलं. मालतीबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. ती अर्धी पोळीही मनीषा कुस्करून भरवायची तेव्हा जायची.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मनीषानं त्यांना नवं पातळ नेसवलं, पणत्या लावल्या आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"पूजेत असतील," मनीषा म्हणाली.

मालतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, जणू पुष्कळ दिवसांनी.

"तुझा गळा मोकळा आहे गं," त्या किंचित त्रासून म्हणाल्या. "सणावारी असं बरं दिसत नाही. खालच्या बाई येतील फराळाला, काय म्हणतील? घाल काहीतरी."

"घालते."

ती आतल्या खोलीत गेली. कपाटात खोट्या मोत्यांची एक सर होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात घालायची. ती गळ्यात अडकवून ती बाहेर आली, पण आईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत होती आणि मालतीबाई मान वळवून दाराकडे बघत होत्या. पावलं वरच्या मजल्यावर गेली. तरीही त्या तशाच बघत राहिल्या. मनीषानं फराळाचं ताट घेतलं, खुर्चीशेजारी बसली आणि लाडवाचा एक लहान तुकडा मोडून आईच्या ओठांपाशी धरला.