डिफेक्टची वाक्यं

माझे वडील भूमच्या तहसील कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेला माणूस. त्यांचा उर्दू मसुदा ऐकून मोठे अंमलदार मान डोलवायचे. पण ते राज्य गेलं, पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि कचेरीतली उर्दू बघता बघता मागं पडली. नव्या साहेबांनी नानांना सरळच सांगितलं, "मार्तंडराव, इंग्रजी येत नसेल तर बढतीचं विसरा."

आमच्या घरात इंग्रजी येणारं माणूस एकच, आई.

आई सोलापूरची. तिकडं इंग्रजांचा अंमल असल्यामुळं ती शाळेत थोडंफार इंग्रजी शिकली होती. लग्न होऊन ती निजामाच्या मुलखात आली आणि ते इंग्रजी तसंच पडून राहिलं. इतक्या वर्षांत नानांनी तिला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. आता रोज दिवेलागणीला ओसरीवर शिकवणी सुरू झाली. आई तांदूळ निवडता निवडता एक शब्द सांगायची आणि नाना त्याची वाक्यं करायचे. साहेबापुढं अर्ज वाचावा तसं प्रत्येक वाक्य खणखणीत म्हणायचे.

एका संध्याकाळी शब्द निघाला, डिफेक्ट.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"दोष. खोट. उणीव."

"अगं, पण ऐब का नुक्स?"

आईला काही कळेना. नाना मांडी सावरून बसले. "हे बघ, घड्याळ बंद पडलं, तर त्यात नुक्स आहे. माणूस लबाड निघाला, तर त्याच्यात ऐब आहे. वस्तूचं वेगळं, माणसाचं वेगळं."

"इंग्रजीत दोन्हीला डिफेक्टच."

"मग गरीब आहे तुमची भाषा," नाना म्हणाले आणि वाक्यं करू लागले. कंदिलात डिफेक्ट आहे. सायकलीत डिफेक्ट आहे. बब्रुवान चपराशात फार मोठा डिफेक्ट आहे. आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

तो शब्द मग घराला चिकटलाच. आमटी खारट झाली की डिफेक्ट, छत गळलं की डिफेक्ट. दूध घालायला येणारी कडूबाईसुद्धा एक दिवस म्हणाली, "वैनी, म्हशीत कायबी डिफेक न्हाय बगा. पेंडच मिळंना झालीय, मग दूध पातळच व्हनार की!"

फक्त माझ्याबाबतीत तो शब्द कुणी काढला नाही. लहानपणी तापात माझा डावा पाय आखडला होता. चालताना मी एका अंगाला झुकायची. घरात त्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. "प्रेमलाचं ते," एवढंच म्हणायचे. आमच्या अंगणात शेजारच्या मुली सगळे खेळ खेळायच्या, पण लंगडी कुणी खेळायची नाही. त्यांना कुणी तंबी दिली होती, ते मला कधी कळलं नाही.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा वनमालामावशीनं तुळजापूरचं एक स्थळ आणलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी पुजारीपण. मावशीनं सगळं ठरवूनच टाकलं होतं. "पाहुणे यायच्या आधीच पोरीला पाटावर बसवा. पोहे मी फिरवते. ते गेल्याशिवाय तिला उठवायचं नाही. एकदा अक्षता पडल्या की सगळं नीट होतं."

आई पोहे निवडायला बसली. नाना सतरंजी झटकायला उठले.

पाहुणे आले. मुलगा खाली मान घालून बसला होता. बोलत होते ते त्याचे काका. पीकपाणी झालं, नातीगोती निघाली, माझं शिवणटिपण बघून झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग काका जरा घुटमळले. "एक आपलं विचारायचं म्हणून विचारतो हां. मुलीत काही... म्हणजे तसं काही..."

"छे हो, तसलं काही नाही," मावशी घाईनं म्हणाली.

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. "मुलीत ऐब नाही," ते म्हणाले. "तिच्या डाव्या पायात डिफेक्ट आहे."

मावशीचा चेहरा पडला. काकांनी मात्र कान पुढं केला. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता.

"काय आहे म्हणालात?"

नानांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याच्यानं बोलवेना. उर्दू, मराठी, सगळं त्यांना येत होतं. पण तो एक शब्द मराठीत उच्चारायला त्यांची जीभ तयार होईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकं अवघडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी पाटावरून उठले. दारापर्यंत चालत गेले, वळले, आणि सावकाश परत येऊन बसले. पदर सारखा केला.

"हे आहे," मी म्हणाले.

लग्न जमलं नाही. पाहुण्यांनी मावशीबरोबर निरोप धाडला की पत्रिकेत गुण जुळत नाहीत. त्यानंतर मावशी वर्षभर आमच्याकडं फिरकली नाही. पाहुणे येऊन गेले त्या रात्री जेवताना आई नानांना म्हणाली, "सांगायचंच होतं तर आधी सांगायचं होतं. पोरीला चालून दाखवायला लागलं."

नाना खाली बघत भात कालवत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून हिलाही शिकवायला घे."

मला मात्र वाईट वाटत नव्हतं. सगळ्यांसमोर चालून आल्यावर आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मी नानांच्या शेजारी बसून शिकू लागले. नाना खात्याच्या इंग्रजी परीक्षेत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. पण बढती व्हायच्या आतच त्यांची बदली बेंबळीला झाली. मी घरूनच मॅट्रिक दिली आणि जळकोटच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. पुढं तिथल्याच राघवेंद्र नावाच्या शिक्षकाशी माझं लग्न झालं. त्यांनी मला रोज शाळेत येता-जाता पाहिलं होतं, त्यामुळं पाटावर बसायची वेळच आली नाही.

जळकोटला पहिल्या दिवशी नाना मला सोडायला आले होते. एस.टी.तून उतरून आम्ही दोघं शाळेपर्यंत चालत गेलो. नाना माझ्या चालीनं चालत होते. मी वर्गात शिरले तशी पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुमच्या पायाला काय झालंय?"

नाना दारातच उभे होते.

"लहानपणी ताप आला होता," मी म्हणाले. "तेव्हा पाय आखडला. म्हणून लंगडते."

"दुखतंय का?"

"थंडीत दुखतो थोडा."

मुलगी खाली बसली. मी खडू घेऊन फळ्याकडं वळले. नाना टोपी सारखी करून दुपारची गाडी गाठायला निघाले.